डावं म्हणजे कुणाचं डावं

ईस्टरला आईकडे बेकर्सफील्डला गेले होते. परत आले तेव्हा बाबांची गाडी मागच्या अंगणात संत्र्यांच्या खोक्यांवर टेकवून ठेवलेली होती. पुढची दोन चाकं जागच्या जागी होती आणि मागे नुसती पोकळी. एक्सेल, स्प्रिंगचे पाटे, ड्रम, चाकं, सगळं कुणीतरी काढून नेलेलं. फार लांब नेलं नव्हतं. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या लाइलचा दोन सीटचा उघडा रोडस्टर उभा होता, त्याच्या पुढ्यात माझा एक्सेल आडवा पडला होता, आणि एखाद्या बाईला तिच्या वाढदिवसाची भेट दाखवावी तसा लाइल मला तो दाखवत होता.

"ओली, तुझ्या एक्सेलचं सोनं झालं बघ," तो म्हणाला.

हातातली बॅग मी खाली ठेवली नाही. ठेवली असती तर फेकली असती.

लाइल म्हणजे माझा नवरा. आठवडाभर कोल्टनच्या सिमेंट कारखान्यात पोती भरायची आणि उरलेला सगळा जीव त्या रोडस्टरमध्ये ओतायचा, एवढंच त्याचं आयुष्य. त्या वर्षांत आमच्याकडच्या अर्ध्या पुरुषांना हेच वेड लागलं होतं. कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यामागे पडलेली जुनी फोर्ड उचलून आणायची, तिचे मडगार्ड, टप, बंपर, काच, जे जे माणसाच्या उपयोगाचं असेल ते उपटून टाकायचं, आणि मग तिच्यात दुसऱ्या गाडीचं मोठं इंजिन कोंबायचं. चालती गाडी बंद पाडायला आमच्या लाइलला दोन वर्षं लागली होती. आता तिच्यापायी दुसरी चालती गाडीही त्याने बंद पाडली होती.

कारण म्हणे असं की रोडस्टरचा मूळ एक्सेल फार नाजूक. नवीन इंजिनाचा जोर त्याला सोसणार नाही, पहिल्याच झटक्यात मोडेल. बाबांच्या सेडानचा कसा, दणकट. लाइलने हे मला अशा आवाजात सांगितलं की मला त्याचा अभिमान वाटावा.

ती सेडान बाबांनी मजुरांच्या कॅम्पात राहून, कापूस वेचून घेतली होती. तिच्यावरच त्यांनी मला संत्र्याच्या बागेतल्या दोन रांगांमधून गाडी चालवायला शिकवलं. जाताना त्यांच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ती त्यांनी मला दिली. जावयाला नाही, मला. ते माणूस ओळखून होते.

आणि पुढच्या सोमवारी मला तीच गाडी हवी होती. लग्नाच्या आधीपासून मी पॅकिंग हाउसमध्ये सरकत्या पट्ट्यावर संत्री निवडत आले होते. उभं राहून पाय सुजायचे, सालीच्या तेलाने बोटं भाजायची, आणि पाठीमागून मुकादमीण ओरडत फिरायची. आता रेडलँड्सच्या एका मोठ्या पॅकिंग हाउसमधली मुकादमीण काम सोडून चालली होती, आणि तिथल्या हॉस्टेटलरसाहेबांनी तिच्या जागी मला बोलावलं होतं. आम्हा ओक्लाहोमाहून मजुरीला आलेल्या बायकांना कुणी मुकादमीण करत नसे. साहेबांनी साफ सांगितलं होतं, सोमवारी सातच्या भोंग्याला तुम्ही पट्ट्यापाशी हजर पाहिजे, नाहीतर जागा मेबल क्राउचची. मेबल पॅकिंग हाउसच्या समोरच राहायची. तिला घरातून भोंगा ऐकून निघालं तरी चाललं असतं. आमच्या कोल्टनहून तेवढ्या सकाळी बस नव्हती.

हे सगळं लाइलला माहीत होतं. मी पुन्हा एकदा सांगितलं.

"अगं, मग मी सोडतो ना तुला," तो म्हणाला. "सोमवारी या रोडस्टरमधून. अख्खं रेडलँड्स बघत राहील."

बघत राहील हे मात्र खरं होतं. त्या गाडीला टप नव्हता, दारं वेल्डिंगने बंद केलेली होती, आणि बसायच्या जागी अजून संत्र्याचं एक खोकं होतं. खोक्यांची आमच्याकडे कधीच कमतरता नव्हती.

पण ओरडून एक्सेल परत येणार नव्हता. तो उतरवून पुन्हा सेडानला लावायचा तर ते काम करणारा हाच माणूस. तेव्हा मी म्हटलं, ठीक आहे, सोमवारी. आणि तो आठवडा मी त्यांचं काम बघत काढला.

त्यांचं म्हणजे क्लबचं. लाइलच्या क्लबचं नाव 'स्मज पॉट्स'. बागांमध्ये थंडीच्या रात्री तेलाच्या ज्या शेगड्या पेटवतात ना, त्यांच्यावरून घेतलेलं. त्या शेगड्या धूर फार करतात आणि ऊब फार कमी देतात, तेव्हा नाव ठेवताना तरी त्यांनी अक्कल वापरली होती. सगळ्यांना सारखी जाकिटं होती, पाठीवर शिवलेली शेगडी होती, आणि एक अध्यक्ष होता.

अध्यक्षाचं नाव व्हर्जिल टीग. हा बुटांच्या दुकानात विक्रेता होता. आठवडाभर बायकांच्या पायांशी गुडघे टेकून बसायचं, आणि रविवारी लोकांच्या गाड्यांशेजारी खिशात हात घालून उभं राहायचं. गाडीखाली शिरलेला त्याला कुणी बघितला नव्हता. पँट नेहमी क्रीम रंगाची. त्याला प्रत्येक गोष्टीवर मत होतं आणि ते तो ठराव मांडल्यासारखं सांगायचा. मागची बाजू किती खाली आणायची, यावर त्याने पूर्ण एक संध्याकाळ अकलेचे तारे तोडले. शेवटी असं ठरलं की चासी आणि एक्सेल यांच्यामध्ये सिगरेटचं पाकीट उभं राहील एवढीच जागा ठेवायची. त्यासाठी लाइलने चांगली सरळ चासी मागून कापली आणि पायरीसारखी वर चढवून पुन्हा जोडली. रस्त्यात खड्डा आला तर काय, असं मी विचारलं. व्हर्जिलने माझ्याकडे दयेने बघितलं.

तिसरा डॉइल. वेल्डिंगचा संच त्याचा, त्यामुळे त्याला वगळता येत नव्हतं. हा रेल्वे यार्डात कामाला होता. बोलायचा कमी, आणि बोललेलं वाक्य अर्ध्यात सोडून द्यायचा, कारण तोवर व्हर्जिल सुरू झालेला असायचा.

एक्सेल तसाच्या तसा बसवला असता तर प्रश्नच नव्हता. माझ्या बाबांच्या गाडीखाली तो इतकी वर्षं निमूट फिरत होता. पण व्हर्जिलचं म्हणणं पडलं की परक्याचा एक्सेल आपल्या गाडीला लावण्याआधी उघडून बघितला पाहिजे. परक्याचा म्हणजे माझा. तर त्यांनी एक्सेलच्या दोन्ही बाजूच्या नळ्या सोडवल्या आणि त्याचं मधलं गोल पोट माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं, कारण शेडमधला दिवा अंधुक होता. त्यातलं मोठं दातेरी चाक, म्हणजे क्राउन, बाहेर काढला आणि माझ्या भांडी घासायच्या टबात रॉकेलने धुतला. त्या टबातल्या ताटल्यांना पुढे कित्येक दिवस रॉकेलचा वास येत होता. क्राउनचे दात अर्थातच ठणठणीत होते. व्हर्जिलने ते बघून मान डोलावली, जणू त्यानेच ते घडवले होते.

मग परत बसवायची वेळ आली. टेबल खिडकी आणि शेगडी यांच्यामध्ये. एक्सेलचं नाक, म्हणजे इंजिनाकडे जातं ते टोक, खिडकीकडे केलेलं. डॉइल शेगडीच्या बाजूला, माझ्या कोपराशी उभा होता. मी बीन्स ढवळत होते आणि तो मध्ये मध्ये येत होता. लाइल समोर, खिडकीच्या बाजूला. त्याने क्राउन हातात घेतला आणि विचारलं, हा कुठल्या बाजूला होता रे.

"डावीकडे," डॉइल म्हणाला. "म्हणजे तू तिकडून..."

"डावं म्हणजे डावं," व्हर्जिल दारातून म्हणाला. "त्यात एवढी चर्चा कसली?"

लाइलने क्राउन आपल्या डावीकडे बसवला. कुठेही अडला नाही, छान बसला. त्यांनी पोट बंद केलं, नळ्या बोल्टांनी आवळल्या, आणि मला टेबल पुसायला सांगून निघून गेले. क्राउन कुठल्या बाजूला गेला याच्याशी मला काहीही देणंघेणं नव्हतं. टेबलावर ग्रीसचा गोल डाग पडला होता, त्याच्याशी होतं.

त्यानंतर एक्सेल चासीखाली सरकवला, पाटे आडवे टाकले, आणि पाट्यांना धरायचे कान वेल्डिंगचे नुसते ठिपके मारून चिकटवले. पक्कं वेल्डिंग नंतर. याचं कारण लाइलने मला मोठ्या गांभीर्याने समजावलं. गाडी रिकामी असते तेव्हा पाटे ताणलेले असतात, वजन आलं की ते सपाट होतात आणि एक्सेलचं नाक वर-खाली फिरतं. तेव्हा आधी सगळं वजन चढवायचं, मग नाक इंजिनाच्या रेषेत आहे का बघायचं, आणि मगच कायमचं जोडायचं. वजन कुठून आणणार, तर माणसं बसवून. गाडीचं वरचं धड उतरवून ठेवलं होतं, तेव्हा नुसत्या चासीवर, फळ्या टाकून. मागच्या टोकाला पेट्रोलच्या टाकीच्या जागी दोन पोती वाळू, ड्रायव्हरच्या जागी व्हर्जिल. इतक्या दिवसांत त्या माणसाचा पहिल्यांदा काही उपयोग होताना मी बघितला.

"शेजारच्या सीटचं वजन लागेल," लाइल म्हणाला. "ओली, तुझं वजन किती?"

मी ॲप्रनला हात पुसले. मग तो म्हणाला, तूच येऊन बस, सोमवारी तूच बसणार आहेस ना. तर मी ॲप्रनसकट त्या फळीवर व्हर्जिल टीगच्या शेजारी जाऊन बसले. खाली डॉइल डोळ्यांवर काळी काच लावून ठिणग्या उडवत होता आणि लाइल शाळेतला कोनमापक घेऊन पोटावर पडला होता. व्हर्जिल समोर बघत स्टीअरिंग धरल्यासारखे हात करून बसला होता. मध्येच तो म्हणाला, बायकांचं वजन मागे जास्त पडतं, त्यामुळे पकड चांगली येते. मी त्याच्या क्रीम पँटकडे बघितलं आणि फळी घट्ट धरून ठेवली. मला सोमवार हवा होता.

रविवारी दुपारी चाकं हवेत फिरवून बघायचं ठरलं. सोमवारी कामावर जायचं म्हणून मी चादरी रविवारीच धुवून वाळत घातल्या होत्या, आणि दोरी नेमकी रोडस्टरच्या पाठीमागे. आदल्या दिवशी बागेला सोडलेलं कालव्याचं पाणी अंगणात शिरलं होतं आणि गाडी ढकलून आणताना चाकांना चिखल लागला होता. मडगार्ड तर उपटून टाकलेलेच. मी म्हटलं, थांबा, मला चादरी काढू द्या. पण लाइलच्याने कुठला दम धरवतोय. मागची बाजू जॅकवर चढवली होती, अख्खा क्लब जाकिटं घालून जमला होता, आणि त्याने पहिला गिअर टाकला.

चाकं गरगर फिरली. आवाज असा की शेजारच्यांची कुत्री भुंकायला लागली. क्लबने टाळ्या वाजवल्या. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर चादरी पांढऱ्याशुभ्र, एक शिंतोडा नाही. सगळा चिखल उडाला होता पुढच्या बाजूला, आणि तिथे इंजिनावर हात ठेवून फोटोसाठी उभ्या असलेल्या अध्यक्षांची पँट गुडघ्यापर्यंत रंगली होती. सगळे हसले, व्हर्जिलही नाइलाजाने हसला. माझ्या मनात आलं, या गाडीने लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझे कपडे खराब केले नाहीत. मी देवाचे आभारसुद्धा मानले. तिथे जमलेल्या एवढ्या तज्ज्ञांपैकी एकालाही त्या चिखलाकडे बघून काही सुचलं नाही, मग माझ्याकडून काय अपेक्षा करता.

मी म्हटलं, आता जरा कोपऱ्यापर्यंत चालवून तरी बघा. पण नाही. क्लबचा नियम होता. गाडी पहिल्यांदा रस्त्यावर येते ती सगळ्या सभासदांच्या साक्षीने, आणि दोघे-तिघे आधीच जेवायला घरी गेले होते. व्हर्जिलने ठरवलं, उद्या सकाळी सहाला. ओलिटाला सोडायच्या निमित्ताने. आणि ओलिटाने कॉफी करावी.

सोमवारी सकाळी मी कॉफी केली. डोनट व्हर्जिलने आणले होते, तेही कालचे. मी निळा ड्रेस घातला, टोपी उडू नये म्हणून हनुवटीखाली रुमाल बांधला, आणि वेल्डिंग केलेल्या दारावरून पाय टाकून खोक्यावर जाऊन बसले. गाडीचं तोंड रस्त्याकडे होतं. पाठीमागे, शेडच्या तोंडाशी, बाबांची सेडान खोक्यांवर उभी होती. लाइल जाकीट घालून स्टीअरिंगवर बसला. सभासद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने उभे राहिले. व्हर्जिलने हात वर करून खाली आणला.

लाइलने पहिला गिअर टाकून क्लच सोडला, आणि गाडी जोरात मागे गेली.

धडक बाबांच्या गाडीच्या नाकावर बसली. खोकी मोडल्याचा आवाज झाला. मी वळून बघितलं तेव्हा सेडानची मागची बाजू जमिनीवर आपटून बसली होती आणि तिचा पुढचा एक दिवा फुटून खाली लोंबत होता. बाबा तो दिवा दर रविवारी शर्टाच्या बाहीने पुसायचे. मला रडू आलं नाही. मला इतका संताप आला की माझ्या कानांत वाफ दाटल्यासारखं झालं.

"चुकून रिव्हर्स पडला," लाइल म्हणाला.

त्याने गिअर काढला, सगळ्यांना दिसेल असा हात उंच करून पुन्हा पहिला टाकला, आणि पुन्हा मागे गेला. सेडानला आणखी एक ठोसा बसला. मग दुसरा टाकणार, तेवढ्यात मी त्याचा हात धरला.

डॉइल एकटा धावत आला. वाकून एक्सेलकडे बघितलं, मग उठून आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला. क्राउन उलट्या बाजूला बसलाय, तो म्हणाला. उजव्या. म्हणून सगळं उलटं. पुढचे तिन्ही गिअर मागे जाणार. मी शेगडीकडून डावीकडे म्हणालो होतो, लाइल, तू खिडकीकडे होतास.

आणि मग सुरू झालं. लाइल गाडीतून उडी मारून उतरला आणि म्हणाला, डावं म्हणजे माझं डावं, क्राउन माझ्या हातात होता. डॉइल म्हणाला, डावं म्हणजे गाडीचं डावं. व्हर्जिल म्हणाला, डावं म्हणजे डावं असं मी म्हणालो होतो आणि ते मी आत्ताही म्हणतो. सभासद गोळा झाले. दोघांनी चिखलात काडीने टेबलाचं चित्र काढलं. कुणीतरी आठवण काढली की काल चिखल पुढे उडाला होता, तर व्हर्जिल म्हणाला, ते मला तेव्हाच खटकलं होतं. हातात कॉफी, तोंडात डोनट, आणि एकेकाचा आवेश असा की जणू पूल बांधायचाय. मी वेळ सांगितली. कुणी ऐकली नाही. मी पुन्हा सांगितली. लाइल मागे न बघता म्हणाला, "थांब गं जरा, बुधवारपर्यंत उघडून नीट करतो."

बुधवारपर्यंत. मेबलला ना एक्सेल लागणार होता ना गाडी, ती नुसता रस्ता ओलांडून जाणार होती.

त्या गर्दीत एकच वाक्य खरं बोललं गेलं होतं, आणि ते डॉइलचं. सगळं उलटं. मी ते मनात दोनदा म्हटलं. इंजिन अजून चालूच होतं. मी खोक्यावरून सरकून स्टीअरिंगवर बसले, क्लच दाबला, आणि रिव्हर्स टाकला.

गाडी पुढे निघाली.

सभासद चिखलातलं चित्र सोडून दोन्ही बाजूंना उड्या मारून पळाले. मी अंगणातून रस्त्यावर आले आणि बागांच्या बाजूला वळले. इंजिन किंचाळत होतं आणि चाल सायकलीची, कारण रिव्हर्स गिअर काही पळायला केलेला नसतो. बदलायला दुसरा गिअर नव्हता. लाइल आधी ओरडला, मग धावत सुटला आणि बघता बघता माझ्या बरोबरीला आला. जाकिटावरची शेगडी उडत होती.

"ओली, थांब. तापेल ती."

"तापू दे."

"गाडी माझी आहे."

"एक्सेल माझा आहे," मी म्हटलं. "तुझं जे काही असेल ते उतरवून घे."

तो बरंच अंतर धावला. पोती उचलणारा माणूस, दम होता त्याच्यात. दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा, फुलांचा वास, आणि त्यात तो जळक्या तेलाचा धूर. संध्याकाळी परत कशी येणार, असं त्याने धापा टाकत विचारलं.

"यायला तीन गिअर आहेत," मी म्हटलं. "जायला एकच मिळालाय, तो वापरू दे."

कालव्याच्या पुलाच्या चढावर तो मागे पडला. मी वळून बघितलं नाही. एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. पुलावरचा उंचवटा आला तेव्हा मी दात घट्ट मिटले होते, पण मागचे पाटे दबले आणि अलगद वर आले, कुठे काही आपटलं नाही, गाडी रेषेत राहिली. तेवढं काम त्यांनी बरं केलं होतं. वजन माझंच टाकून जोडलं होतं म्हणा.

रेडलँड्समध्ये शिरले तेव्हा रेडिएटरमधून वाफ निघत होती आणि लोक खरोखरच बघत राहिले. पॅकिंग हाउसच्या फाटकात माझ्या हातून इंजिन बंद पडलं आणि भोंगा झाला. मेबल क्राउच रस्त्याच्या पलीकडे, अंगणाच्या दाराला हात लावून उभी होती. हॉस्टेटलरसाहेब आवाज ऐकून बाहेर आले. त्यांनी आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्या रुमालाकडे, मग घड्याळाकडे. हे काय आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नवऱ्याचा छंद आहे. ते फाटकातून बाजूला झाले आणि म्हणाले, पट्टा सुरू करा. मी दारावरून पाय टाकून उतरले आणि पट्टा सुरू केला. दिवसभर मी एकाही बाईवर ओरडले नाही. माझ्या ओरडण्याच्या लायकीचे सगळे कोल्टनमध्ये होते.

संध्याकाळी सुटले तेव्हा फाटकात डॉइलचा ट्रक उभा होता. डॉइल आतच बसून राहिला. लाइल रोडस्टरपाशी साखळी घेऊन उभा होता. अंगावर जाकीट नव्हतं. व्हर्जिल आला नव्हता. क्लबने म्हणे दुपारी ठराव केला होता की झाल्या प्रकाराची बाहेर वाच्यता करायची नाही.

"घरी चल," लाइल म्हणाला.

मी त्याला सांगितलं, रोडस्टर ओढून न्यायचाय तर खुशाल ने. मी इथे पट्ट्यावरच्या बायकांच्या वसतिगृहात खोली घेतली आहे. बाबांची गाडी स्वतःच्या चाकांवर, माझ्या एक्सेलवर, दिवा लावून या फाटकात येईल तेव्हा मी तिच्यात बसेन, आणि ती कुठल्या दिशेने न्यायची ते तेव्हा ठरवेन.

तो साखळीशी चाळा करत उभा राहिला. त्याच्या पायांना फोड आले होते, बुटांची नाडी सैल सोडली होती. मला क्षणभर वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा रागही आला. मग त्याने खाली बघत विचारलं. लग्न झाल्यापासून गाडीच्या बाबतीत त्याने मला माझ्या वजनाखेरीज काहीही विचारलं नव्हतं.

"क्राउन कुठल्या बाजूला घालू, ओली?"

"डावीकडे," मी म्हटलं. "पण शेगडीच्या बाजूला उभा राहून. मी रोज उभी असते तिथे."